भागाकार : सात आहेत, पण कशाचे?

‘असर’ या पाहणीचे स्वयंसेवक खेड्यापाड्यांतल्या घरांत जातात आणि मुलांसमोर एक कागद ठेवतात. आधी अंक ओळखायचे, मग दोन अंकी संख्यांची हातच्याची वजाबाकी करायची आणि शेवटी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं. ‘प्रथम’ या संस्थेने २००५ साली सुरू केलेल्या या पाहणीत गणिताची सर्वांत वरची पायरी हीच. २०२४च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या ३०.७ टक्के मुलांना हा भागाकार जमला, आठवीतल्या ४५.८ टक्के मुलांना. आठवीपर्यंत येऊनही निम्म्याहून जास्त मुलं या एका पायरीवर अडलेली आहेत.

ही पायरी एवढी अवघड का? उभ्या मांडणीचा भागाकार करताना पाढा आठवायचा असतो, अंदाज करायचा असतो, गुणायचं असतं, वजा करायचं असतं, वरचा अंक खाली घ्यायचा असतो आणि हे सगळं नेमक्या स्थानाखाली लिहायचं असतं. तेही एकाच उदाहरणात तीन-चार वेळा. आधी शिकलेल्या सगळ्या गोष्टींची इथे एकदम परीक्षा होते. म्हणून मुलाचा भागाकार चुकला, की त्याला भागाकार येत नाही असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. बहुतेक वेळा मागचं काहीतरी कच्चं राहिलेलं असतं आणि ते इथे उघडं पडतं.

या पायरीला महत्त्वही तसंच आहे. रॉबर्ट सीग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. दहा ते बारा वर्षांच्या वयात ज्यांना अपूर्णांक आणि पूर्ण संख्यांचा भागाकार नीट येत होता, ती मुलं पाच-सहा वर्षांनी बीजगणितात आणि एकूण गणितात पुढे होती. घरची मिळकत, आईवडिलांचं शिक्षण, मुलाची बुद्धिमत्ता यांचा परिणाम वेगळा काढल्यावरही हा संबंध टिकून राहिला.

चौथी-पाचवीतल्या मुलाला घरी भागाकार शिकवायला बसणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगावीशी वाटते. ‘भाग द्या, गुणा, वजा करा, खाली घ्या’ ही चार कामं मूल पाठ करतं आणि परीक्षा झाली की विसरतं. त्या चार कामांमागची वाटणी त्याला दिसली, तर कृती विसरली तरी ते ती स्वतः पुन्हा उभी करू शकतं. ही वाटणी दाखवायला एक छोटा प्रश्न पुरतो : कशाचे?

आधी वाटणी, मग मांडणी

कागद कापून खोट्या नोटा करा. शंभराच्या, दहाच्या आणि एक रुपयाच्या. आता ७४२ रुपये तिघांत सारखे वाटायचे आहेत. मुलासमोर शंभराच्या ७ नोटा, दहाच्या ४ आणि एक रुपयाच्या २ ठेवा आणि त्याला वाटू द्या.

शंभराच्या सात नोटांतून प्रत्येकाला दोन मिळतात. सहा वाटल्या गेल्या, एक उरली. ती एक नोट तिघांत कशी वाटायची? मोड आणायची. शंभराच्या एका नोटेच्या दहाच्या दहा नोटा. आपल्याजवळ दहाच्या चार होत्याच, एकूण झाल्या चौदा. प्रत्येकाला चार, वाटल्या गेल्या बारा, उरल्या दोन. त्यांचीही मोड आणायची : एक रुपयाच्या वीस. आधीच्या दोन मिळवल्या की बावीस. प्रत्येकाला सात, वाटले गेले एकवीस, उरला एक रुपया. प्रत्येकाच्या वाट्याला २४७ रुपये आणि बाकी १.

आता हीच वाटणी वहीत लिहा, पण प्रत्येक कृतीबरोबर. प्रत्येकाला शंभराच्या दोन नोटा दिल्या, की ७ च्या वर २. एकूण सहा वाटल्या, की ७ खाली ६. एक उरली, की वजाबाकी. मोड आणून चार नोटांत मिळवली, की त्या १ शेजारी ४ आणून ठेवायचे. वरचा अंक खाली घेण्याचा अर्थ एवढाच आहे. मुलं ही पायरी सर्वांत जास्त विसरतात, कारण ती का करायची हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मोड आणून आधीच्या नोटांत मिळवली, हे एकदा हातांनी केलेलं मूल सहसा ती विसरत नाही.

याच वेळी तो प्रश्न विचारत राहा. मूल म्हणतं, ‘सातमध्ये तीन दोनदा जातात.’ विचारा, ‘हे सात कशाचे?’ उत्तर आलं पाहिजे, ‘शंभराचे.’ ‘आणि हे चौदा?’ ‘दहाचे.’ ही उत्तरं सहज येऊ लागली, की शतक, दशक, एकक हे शब्द त्या नोटांच्या जागी ठेवा आणि नोटा बाजूला काढा. मग २५६ ला ८ ने भागताना ‘दोनला आठचा भाग जात नाही’ याचाही अर्थ लागतो. शंभराच्या दोन नोटा आठ जणांना एकेक देता येत नाहीत, म्हणून दोन्हींची मोड आणली आणि दहाच्या पंचवीस नोटा वाटल्या. प्रत्येकाला तीन, उरली एक, तिची मोड आणून सोळा रुपये, प्रत्येकाला दोन. उत्तर ३२.

बऱ्याच मुलांना पडणारा एक रास्त प्रश्न इथेच सुटतो. बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार उजवीकडून, एककापासून सुरू होतात. मग भागाकार डावीकडून का? कारण वाटणीत उरलेल्या मोठ्या नोटेची लहान नोटांत मोड करावी लागते. एककापासून सुरुवात केली, तर दशकांमधून उरलेल्या नोटेची मोड झाल्यावर एककं पुन्हा वाटावी लागतील आणि शतकांची मोड झाल्यावर पुन्हा सगळंच. मुलाला नोटा घेऊन एकदा उलट्या बाजूने वाटून पाहू द्या. नियम पाठ करण्यापेक्षा त्याची गरज कळणं जास्त टिकतं.

वाटणं आणि गट करणं

भागाकाराचे प्रश्न दोन प्रकारचे असतात आणि मुलाला दोन्ही ओळखता यायला हवेत. २४ लाडू ६ मुलांत सारखे वाटले तर प्रत्येकाला किती? ही वाटणी. २४ लाडू आहेत, एका डब्यात ६ मावतात, तर डबे किती लागतील? हे गट करणं. दोन्हींचं उत्तर ४, पण पहिल्यात ते चार लाडू आहेत आणि दुसऱ्यात चार डबे. इथेही प्रश्न तोच : चार, पण कशाचे? शाब्दिक उदाहरणाच्या उत्तरापुढे योग्य शब्द लिहिण्याची सवय यातून लागते.

हा फरक पुढे कामाला येतो. एक अंकी भाजक असला की वाटणीचं चित्र डोळ्यांसमोर सहज येतं. भाजक २४ असला की चोवीस माणसं रांगेत उभी करून नोटा वाटणं मुलाला जड जातं. तेव्हा ‘यातून २४ चे किती गट निघतील?’ असं विचारणं सोपं.

पाढे उलटे यायला हवेत

आपल्याकडे पाढ्यांचं पाठांतर चांगलं होतं. पण ‘सात एके सात’पासून सुरू करून ‘सात सक बेचाळीस’पर्यंत पोचणारं मूल भागाकारात दर वेळी पहिल्यापासून पाढा म्हणतं आणि तोवर मूळ उदाहरण विसरतं. भागाकाराला पाढ्याची दुसरी बाजू लागते. ४५ वाटायचे आहेत सात जणांत. सातच्या पाढ्यात ४५ नाही. त्याच्या आधी कोण येतं? ४२. ते कितवं? सहावं. आणि ४५ ला पोचायला किती कमी? तीन. ही तीन उत्तरं म्हणजेच गुणाकार, भागाकार आणि बाकी.

याचा सराव तोंडी होतो आणि वही लागत नाही. भाजी निवडताना, शाळेत जाताना, बसची वाट बघताना विचारत राहा : ‘आठच्या पाढ्यात ५० च्या आधी कोण?’ ‘सहाच्या पाढ्यात ३५ च्या आधी कोण?’ उत्तर देताना मूल अडखळलं तर समजा, वहीतला भागाकार तिथेच अडत होता.

ज्यांचे पाढे कच्चे आहेत त्यांना भागाकारापासून दूर ठेवू नका. वहीच्या बाजूला त्या भाजकाचा पाढा लिहायला सांगा आणि तो बघून उदाहरण सोडवू द्या. पाढा आठवण्यात अडकलेलं मन मोकळं होतं आणि भागाकाराकडे लक्ष देऊ शकतं. पाढे पक्के करण्याचं काम वेगळ्या वेळी, वेगळं चालू ठेवा.

शून्याचं स्थान

६१८ ला ६ ने भागा. अनेक मुलांचं उत्तर येतं १३. सहाला सहाचा भाग एकदा गेला, पुढच्या एकला जात नाही म्हणून आठ खाली घेतले, अठराला तीनदा भाग गेला. प्रत्येक कृती बरोबर वाटते आणि उत्तर चुकतं. इथे ‘चूक आहे, पुन्हा कर’ असं म्हणण्याऐवजी असं बोलता येईल :

‘आई, तेरा आले.’

‘सहा जणांना सहाशे रुपये वाटले, तर प्रत्येकाला किती?’

‘शंभर.’

‘मग सहाशे अठरा वाटले तर तेराच कसे?’

बहुतेक मुलं इथे स्वतःच वहीकडे वळतात. दहाची एकच नोट होती, सहा जणांना ती देता आली नाही, म्हणून प्रत्येकाला दहाच्या नोटा मिळाल्या शून्य. ते शून्य लिहायचं राहिलं. उत्तर १०३. शेवटच्या शून्याचंही असंच. ५४२ ला ६ ने भागून ‘९, बाकी २’ लिहिणाऱ्या मुलाला विचारा, ‘हे नऊ कशाचे?’ नऊ दहाचे आहेत. एककाच्या घरात वाटायला दोनच उरले, म्हणून तिथे शून्य. भागाकार ९०, बाकी २.

शून्य सुटू नये यासाठी दोन सवयी लावा. पहिली, उदाहरण सुरू करण्याआधी उत्तर साधारण केवढं येईल ते सांगायचं. ६१८ भागिले ६ म्हणजे शंभराच्या थोडं वर. दुसरी, भागाकारातला प्रत्येक अंक भाज्यातल्या आपापल्या अंकाच्या बरोबर वर लिहायचा. अनेक पालकांनी लहानपणी भागाकार उजवीकडे कंसाबाहेर लिहिलेला असतो आणि मुलाच्या वहीत तो वर असतो. यावरून वाद घालू नका. शाळेतली पद्धतच घरी ठेवा. वर लिहिल्याने शतकावर शतक, दशकावर दशक येतं आणि एखादं घर रिकामं राहिलं तर लगेच दिसतं. मुलाचे आकडे तिरके सरकत असतील तर चौकटीची वही द्या. ती नसेल तर रेघांची वही आडवी धरा. रेघा उभ्या होतात आणि प्रत्येक अंकाला आपलं घर मिळतं.

दोन अंकी भाजक : अंदाज हा पद्धतीचाच भाग

१८७२ भागिले २४. इथे अनेक मुलं पहिल्यांदा घाबरतात, कारण २४ चा पाढा पाठ नसतो आणि १८७ मध्ये २४ किती वेळा, हे दिसत नाही. मूल २ आणि १८ पाहून नऊ म्हणतं. नऊ चोवीस २१६, जास्त झाले. आठ केले, १९२, अजूनही जास्त. सात केले, १६८, बसले. हे खोडून पुन्हा लिहिणं म्हणजे चूक, असं मुलाला वाटत असतं. त्याला स्पष्ट सांगा, की दोन अंकी भाजकात अंदाज करून तो सुधारणं हा पद्धतीचाच भाग आहे. अंदाज सुधारण्याची खूणही द्या : गुणाकार मोठा आला तर अंदाज कमी करा, वजाबाकीनंतर उरलेले भाजकाएवढे किंवा त्याहून जास्त असतील तर अंदाज वाढवा. २४ ऐवजी जवळचे २५ धरले, तर १८७ मध्ये सात पंचवीस १७५ बसतात हे लवकर दिसतं.

यावर एक चांगली मदत म्हणजे बाजूला छोटा तक्ता. २४, त्याची दुप्पट ४८, तिची दुप्पट ९६, तिची दुप्पट १९२. दहापट २४०, तिचं निम्मं म्हणजे पाचपट १२०. एवढ्यावरून कुठलीही पट जोडता येते : सातपट म्हणजे चारपट, दुप्पट आणि एकपट, ९६ अधिक ४८ अधिक २४, म्हणजे १६८. दुपटीने भागण्याची ही रीत फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० मध्ये आहमेस या लेखनिकाने उतरवून घेतलेल्या इजिप्तच्या पपायरसमध्ये भागाकार असाच, दुप्पट करत केलेला आहे.

ज्या मुलाला उभी मांडणी अजून पेलत नाही, त्याला आधी तुकड्यातुकड्याने गट काढू द्या. १८७२ मधून २४ चे ५० गट काढले, १२०० गेले, ६७२ उरले. आणखी २० गट, ४८० गेले, १९२ उरले. आणखी ८ गट, काही उरलं नाही. ५० अधिक २० अधिक ८, उत्तर ७८. ज्याला ५० सुचत नाहीत तो दहा-दहा गट काढेल. त्याला वेळ लागेल, पण उत्तर तेच येईल. पुरेसा सराव झाला की मूल स्वतःच मोठे तुकडे घेऊ लागतं आणि मग उभी मांडणी म्हणजे हेच काम कमी जागेत केलेलं आहे, हे त्याला कळतं.

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त १३५ ला १२ ने गुणण्याचं उदाहरण आहे आणि भागाकारासाठी तेच उलट घेतलं आहे : १६२० भागिले १२. भाज्य आणि भाजक दोघांनाही एकाच संख्येने भाग जात असेल तर आधी तो देऊन टाका, अशी सोयही त्यांनी सांगितली आहे. दोघांना ४ ने भागलं की ४०५ भागिले ३, उत्तर १३५. मुलाला हे करून पाहू द्या, पण एक सूचना द्या : बाकी उरत असेल तर ती पुन्हा त्याच संख्येने गुणावी लागते. ५० भागिले १२ ऐवजी २५ भागिले ६ केलं तर बाकी १ दिसते, खरी बाकी २ असते. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. गणित शिकवण्याची इतकी जुनी परंपरा या भूमीत आहे, हे मुलांना जरूर सांगावं.

त्या काळी पाटीवर धूळ पसरून तिच्यावर आकडे लिहीत आणि वजाबाकी झाली की जुने आकडे पुसून नवे मांडत. युरोपात कागदावर पुसता येत नसे, म्हणून आकड्यांवर काट मारत. आजच्या मांडणीशी जुळणारा भागाकार १४९१ साली फ्लॉरेन्समध्ये छापलेल्या फिलिप्पो कालांद्री यांच्या अंकगणितात दिसतो. मांडण्या बदलत गेल्या, मोठ्याकडून लहानाकडे वाटत जाण्याचं तत्त्व तेच राहिलं.

बाकीचा अर्थ

अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तेरा वर्षांच्या मुलांना राष्ट्रीय चाचणीत विचारलं होतं : एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिकांना न्यायला किती बस लागतील? भागाकार बरोबर करणारी मुलं पुष्कळ होती, पण २९ टक्के मुलांनी उत्तर लिहिलं ‘३१, बाकी १२’. बरोबर उत्तर, म्हणजे ३२ बस, फक्त २३ टक्क्यांनी दिलं. कृती येत होती, पण बाकी म्हणजे मागे राहिलेले बारा सैनिक आहेत, इकडे लक्ष गेलं नाही.

घरी एकच भागाकार वेगवेगळ्या प्रसंगांत विचारा. १३० भागिले ४०, भागाकार ३, बाकी १०. सहलीला १३० मुलं आहेत, एका बसमध्ये ४० बसतात; बस लागतील ४. रिबीन १३० सेंटिमीटर आहे, ४० सेंटिमीटरचे तुकडे हवेत. पूर्ण तुकडे मिळतील ३. एकशे तीस रुपये चाळीस जणांत वाटायचे. प्रत्येकाला ३ रुपये २५ पैसे. आणि कधी कधी फक्त बाकीच कामाची असते. आज सोमवार, तर १०० दिवसांनी कोणता वार? १०० ला ७ ने भागलं, बाकी २, म्हणजे बुधवार.

बाकीबरोबर पडताळा शिकवा. भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, म्हणजे भाज्य. ३ गुणिले २४७ म्हणजे ७४१, अधिक १, ७४२. बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान हवी. नसेल तर आणखी एक गट निघतो. उत्तर बरोबर आहे की नाही हे विचारायला मूल तुमच्याकडे आलं, तर त्याला पडताळ्याकडे पाठवा. स्वतःचं उत्तर स्वतः तपासता येणं, हा भागाकारातून मिळणारा मोठा आत्मविश्वास आहे.

सराव कसा घ्यावा

रविवारी दुपारी वीस उदाहरणं देण्यापेक्षा रोज चार द्या. चढण हळूहळू असू द्या : आधी ८४ भागिले ४, जिथे मोड लागत नाही, मग ७२ भागिले ३, जिथे लागते, मग बाकी उरणारं ८५ भागिले ६, मग पहिल्या अंकाला भाग न जाणारं २५६ भागिले ८, त्यानंतर शून्याची उदाहरणं, आणि हे सगळं पक्कं झाल्यावरच ६७२ भागिले २१.

नव्या प्रकाराची पहिली दोन उदाहरणं तुम्ही सोडवून दाखवा आणि मुलाकडून प्रत्येक ओळीचा अर्थ वदवून घ्या. मग अर्धं सोडवलेलं उदाहरण त्याला पूर्ण करू द्या. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ साली बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत, सोडवलेली उदाहरणं अभ्यासणाऱ्यांना तसेच प्रश्न पुढे लवकर आणि कमी चुका करत सोडवता आले.

एक प्रकार जमला की त्याची मागच्या प्रकारांशी सरमिसळ करा. चार उदाहरणांत एखादा गुणाकार आणि एखादं शाब्दिक उदाहरणही असू द्या, म्हणजे इथे काय करायचं हे मुलाला आधी ठरवावं लागेल. डग रोहरर आणि केली टेलर यांच्या २००७ सालच्या प्रयोगात गणिताचा मिसळून सराव करणाऱ्या विद्यार्थ्यांना सरावाच्या वेळी कमी गुण मिळाले, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत तेच पुढे होते. म्हणून मिसळलेल्या सरावात मूल थोडं अडखळलं तर काळजी करू नका.

आठवड्यातून एकदा भूमिका बदला. मुद्दाम चुकवलेली दोन-तीन उदाहरणं मुलाला तपासायला द्या : एकात शून्य गाळलेलं, एकात वजाबाकी चुकलेली, एकात भाजकाहून मोठी बाकी. चूक शोधून ती का झाली हे सांगणाऱ्या मुलाला स्वतःची चूकही दिसू लागते. मुलाच्या वहीतल्या चुकांचीही अशीच तीन-चार प्रकारांत विभागणी करा. चुका वजाबाकीच्या असतील तर आठवडाभर वजाबाकीच घ्या. भागाकाराची आणखी पन्नास उदाहरणं दिल्याने वजाबाकी सुधारत नाही.

सेमी-इंग्रजी किंवा इंग्रजी माध्यमाचं मूल ‘डिव्हायझर’, ‘कोशंट’, ‘रिमेंडर’ म्हणतं. आजी-आजोबा भाजक, भागाकार, बाकी म्हणतात. घरात दोन्ही शब्द एकत्र वापरा. नाहीतर शिकवणारा मोठा माणूस केवळ शब्दांमुळे मागे हटतो आणि मूल एका चांगल्या शिक्षकाला मुकतं.

बाजारातला हिशेब आणि वहीतला हिशेब

अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्री करणारी मुलं वजन, दर आणि सुट्ट्या पैशांचे गुंतागुंतीचे हिशेब तोंडी अचूक करत होती. तसंच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर दिलं की त्यांतली बरीच अडत होती. उलट, बाजाराचा अनुभव नसलेल्या शाळकरी मुलांना कागदावरचं जमत होतं, पण बाजारातला हिशेब अवघड जात होता. एका बाजूचं ज्ञान दुसऱ्या बाजूला आपोआप पोचत नाही. ते पोचवावं लागतं आणि हे काम घर उत्तम करू शकतं. किराण्याच्या पावतीवरून एका साबणाची किंमत काढायला सांगा आणि नंतर तोच भागाकार वहीत मांडायला लावा. वहीतलं एखादं उदाहरण घेऊन त्याला घरातला प्रसंग जोडायला सांगा.

मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असताना एवढी मेहनत कशाला, असं मूल विचारेल. त्याला ११२८ भागिले ३६ मोबाइलवर करायला सांगा. उत्तर येईल ३१.३३३... बस किती मागवायच्या, हे त्याला स्वतःच ठरवावं लागेल. मग १ ला ७ ने भागायला लावा, वहीत. एक रुपया सात जणांत जात नाही, त्याचे दहा दशांश करा : भाग १, बाकी ३. तीसमधून ४, बाकी २. वीसमधून २, बाकी ६. साठमधून ८, बाकी ४. चाळीसमधून ५, बाकी ५. पन्नासमधून ७, बाकी १. आणि बाकी पुन्हा १ आली, म्हणजे आता सगळं पहिल्यापासून : ०.१४२८५७१४२८५७... सातने भागताना शून्य सोडून बाकी सहाच प्रकारची असू शकते, म्हणून सहा पायऱ्यांच्या आत कुठलीतरी बाकी परत येणारच. दशांश अपूर्णांक आवर्ती का होतात, याचं कारण पाचवी-सहावीच्या मुलाला स्वतःच्या हाताने सापडतं. कॅल्क्युलेटर अंक दाखवतो, हे कारण दाखवत नाही. पुढे मसावि काढताना आणि नववीत बहुपदींचा भागाकार करताना हीच मांडणी परत भेटते. तेव्हा ज्या मुलाला नोटांची मोड आठवते, त्याला ती नव्याने पाठ करावी लागत नाही.

पालकांना आणि आजी-आजोबांना एवढंच सांगणं आहे : भागाकार शिकवायला गणिताची पदवी लागत नाही. रोज थोडा वेळ, कागदाच्या काही नोटा आणि धीर लागतो. मुलाच्या वहीत उत्तर बरोबर आलं का, हे बघण्याआधी एखाद्या अंकावर बोट ठेवा आणि हे कशाचे आहेत, ते विचारा. मूल अडखळत का होईना, पण स्वतःच्या शब्दांत सांगू लागलं, की त्याला भागाकार समजू लागला आहे.